ओळख आणि साक्ष

गेल्या श्रावणात आमच्या दारी पोलीस आला. गल्लीत पोलीस शिरला की शेजारची दारे आधी उघडतात आणि मग हळूच लोटली जातात, तसेच झाले. वस्तुतः त्याला मीच बोलाविले होते. मुलगा परदेशी नोकरीस आहे. त्याच्यापाशी वर्ष-दीड वर्ष राहावयाचे ठरले, आणि येणाऱ्या माणसाविरुद्ध स्वदेशीच्या पोलीस दप्तरात काही वावगे नाही असा दाखला त्या देशास हवा होता. पासपोर्टच्या कचेरीत अर्ज करावयाचा, तो आपल्या हद्दीच्या ठाण्याकडे जातो, आणि ठाण्याचा माणूस घरी येऊन चौकशी करून जातो, अशी ही रीत आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या, चौतीस वर्षे मराठी शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला असल्या दाखल्याची धास्ती ती काय असावयाची, असे मला वाटत होते. आणि चारित्र्याची अडचण खरोखरीच आली नाही. ज्याचे चारित्र्य तपासावयाचे तो मनुष्य मीच, हे पटविण्यातच सारा श्रावण गेला.

माझा जन्म १९५० सालचा, निपाणीचा. त्या वेळी निपाणी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती म्हैसूर राज्यात गेली, आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. पुढे मी बेळगावास बिऱ्हाड केले. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत त्याचे ‘बेळगावी’ झाले. निपाणीही पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, आता ती स्वतंत्र तालुका आहे. ज्या घरात मी जन्मलो ते घर जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता लिहावयाचा तर कोणत्या सालचा कागद आहे हे आधी विचारावे लागते. सीमेचा वाद मला येथे काढावयाचा नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. माझे म्हणणे इतकेच की, मनुष्य जागच्या जागी बसून राहिला तरी त्याची ओळख प्रवास करीत असते, हे आम्हा सीमाभागातील लोकांना कोणी शिकवावे लागत नाही.

नावाचीही तीच कथा. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नाव बाळबोध लिपीत आहे: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. शिधापत्रिकेवर ते कानडीत गेले. कानडी वाचणारा शेवटचा अकार स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे आमच्या अकारान्त आडनावाला एक निराळेच शेपूट फुटले, आणि त्या उच्चारावरून ज्याने इंग्रजी अक्षरे जुळविली त्याने ते शेपूट कायम केले. एका कागदावर वडिलांचे नाव हेच माझे आडनाव होऊन बसले आहे. पत्नीचे प्रकरण याहून अवघड. आमच्या चालीप्रमाणे लग्नात मी तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. ते तांदूळ त्याच दिवशी शिजले असतील. माहेरच्या नावाने शिकलेली मुलगी आणि सासरच्या नावाने मतदान करणारी बाई एकच, हे सांगण्यासाठी पन्नास वर्षांनी प्रतिज्ञापत्र करावे लागले.

मराठीत आपण ओळख ‘पटली’ असे म्हणतो. हा प्रयोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पटावयाचे ते समोरच्याला. मी कितीही खरा असलो तरी माझी ओळख माझ्या एकट्याच्या ताब्यात नाही. ती दुसऱ्याच्या मनात घडावी लागते. आपल्या शास्त्रकारांनी याला प्रत्यभिज्ञा म्हटले आहे. ‘हा तोच देवदत्त’ हे त्यांचे ठरलेले उदाहरण. पूर्वी पाहिलेला देवदत्त आणि आज समोर उभा असलेला देवदत्त यांत स्थळ वेगळे, काळ वेगळा, वयही वेगळे. तरीही हा तोच, असे ज्ञान होते. वेदान्त्यांनी या उदाहरणावर जीव-ब्रह्माच्या ऐक्याचा मोठा डोलारा उभारला. त्या उंचीवर जाण्याचे मला कारण नाही. मला त्यातली एक साधी अट महत्त्वाची वाटते. असे ज्ञान होण्यासाठी देवदत्ताला पूर्वी पाहिलेला कोणीतरी आज हजर असला पाहिजे. कचेरीच्या खिडकीपलीकडे बसलेल्या तरुण कारकुनाने मला १९५० साली पाहिले नाही. त्याच्यापाशी माझी स्मृती नाही, म्हणून तो कागद मागतो. कागद म्हणजे त्याने उसनी घेतलेली स्मृती होय.

आता या उसन्या स्मृतीचे मूळ सांगतो, कारण ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांचीही तीच होती, आणि पुढे मी ज्यांना शाळेत दाखल करून घेतले त्यांतील कित्येकांची मीच तीच लिहिली. शाळा जूनमध्ये सुरू होत. आई किंवा आजी पोराला हाताशी धरून येई, आणि ‘मोठा पाऊस झाला त्या साली, नागपंचमीच्या अलीकडे’ असे काहीसे सांगे. आम्ही पोराच्या उंचीकडे पाहत असू, वयाचा अदमास करीत असू, आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत असू. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. पण खेड्यापाड्यांत आणि गल्लीबोळांत त्याची सवय लागावयास पुढे बरीच वर्षे गेली. आज त्याच रजिस्टराचा उतारा पुरावा म्हणून चालतो. त्या बाईचे तोंडचे शब्द कोणी पुरावा मानणार नाही. मात्र तेच शब्द मी शाईने लिहिले, खाली शिक्का उमटला, आणि त्यांना वजन आले. कागदाला मी कमी लेखत नाही. परंतु कागदाच्या तळाशी कोणा तरी माणसाचा शब्दच असतो, आणि तो शब्द विश्वासाने घेतलेला असतो, हे मला तरी विसरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग कागदाची कटकट हवीच कशाला? शब्दावर भागवावे. तसे भागत नाही, याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक पुरुष पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. पुढे १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, कोकणात फौज जमवून त्याने किल्ले घेतले, आणि अखेर पकडला जाऊन पुण्यास देहदंड पावला. नरसिंह चिंतामण केळकरांनी याच विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. या प्रकरणात मला तोतयापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचे नवल वाटते. भाऊंना पाहिलेली माणसे त्या वेळी हयात होती. तरीही अनेकांना तो पटला, कारण भाऊ परत यावेत असे त्यांना मनापासून वाटत होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर स्वतःला विधवा मानलेच नव्हते. आशासुद्धा खोटी साक्ष देते. म्हणून चौकशी करणारा प्रत्येक जण निर्दय असतो असे समजण्याचे कारण नाही. शब्दाला शब्द ताडून पाहणारा कोणीतरी राज्यात असावाच लागतो.

पण चौकशी कशाची, हा प्रश्न उरतोच. ‘तू कोण?’ हा एक प्रश्न आणि ‘तू कसा?’ हा दुसरा. पोलिसी पडताळणीत हे दोन्ही एकाच फॉर्मवर येतात, आणि पहिल्याचे उत्तर अडखळले की दुसऱ्याचे उत्तर वाईट असणार असे नकळत धरले जाते. कालिदासाच्या शाकुंतलात याचे एक चित्र आहे, आणि शाकुंतल शिकवीत असता आपण विद्यार्थ्यांना ते हसण्यावारी नेऊन दाखवितो. सहाव्या अंकाच्या आरंभी नगररक्षक एका कोळ्याला मुसक्या बांधून आणतात. त्याच्यापाशी राजाच्या नावाची अंगठी सापडली आहे. तो सांगतो, मी शक्रावतारचा कोळी, माशाच्या पोटात मला ही मिळाली. रक्षक त्याच्या धंद्याची टर उडवितात. त्याच्या जातीचा आणि अंगाच्या वासाचाच तो गुन्हा असल्यासारखे बोलतात. अंगठी एकच. तिच्यावाचून शकुंतला राजसभेत खोटी ठरली, आणि ती जवळ आहे म्हणून कोळी चोर ठरला. पुढे राजाकडून बक्षीस आले तेव्हा तेच रक्षक त्याचे मित्र झाले आणि सारे मिळून गुत्त्याकडे गेले. कालिदासाला पोलीस चांगला ठाऊक असावा!

जन्मावरून चारित्र्य ठरविण्याचे हे काम आपल्याकडे पुढे कायद्यानेही झाले. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. सोलापूर आणि हुबळी येथे त्यांच्या वसाहती तारांच्या कुंपणात होत्या, आणि आत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे. तेथे जन्मलेल्या मुलाची पडताळणी त्याच्या जन्माआधीच पुरी झालेली असे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायदा जातो, कागदावर आडनाव वाचताच कारकुनाच्या किंवा शेजाऱ्याच्या कपाळावर पडणारी आठी मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेली नसल्यामुळे रद्दही होत नाही.

दुसऱ्यांविषयी इतके लिहिल्यावर आता स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. मास्तरकीची पहिली काही वर्षे मी निपाणीसच काढली. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांच्या आया विड्या वळीत. त्यांतील एक मुलगा अभ्यासात बेताचा, पण इतका सरळ की वर्गात सापडलेली दोन पैशांची पेन्सिलही टेबलावर आणून ठेवी. त्याची आई लहानपणी सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेली होती. रजिस्टरात बापाचा रकाना रिकामा होता. पुढे त्याला एका नोकरीसाठी पोलिसांचा दाखला हवा झाला. ठाण्यावर त्याला कोणा जबाबदार ओळखीच्या माणसाचे पत्र आणावयास सांगितले, आणि तो माझ्याकडे आला. मी त्याला सात वर्षे ओळखत होतो. ‘आधी बापाच्या नावाचा काही कागद आण, मग बघू,’ असे मी म्हणालो. तो ‘बरं गुरुजी’ म्हणून गेला, आणि पुन्हा आला नाही. मी नकार दिला नाही, केवळ नियम दाखविला, अशी मी त्या वेळी मनाची समजूत घातली. त्याच वर्षी सातवीच्या मुलांना मी सत्यकाम जाबालाची गोष्ट रंगवून सांगितली होती.

ती गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. छांदोग्य उपनिषदातला तो मुलगा आईला गोत्र विचारतो, आणि आई सांगते की अनेकांच्या घरी राबत असता तुझा जन्म झाला, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. तू जबालेचा सत्यकाम आहेस, तेवढेच सांग. तो गुरूपुढे तसेच सांगतो, आणि हारिद्रुमत गौतम त्याला जवळ करतात. आपण ही गोष्ट सत्यकामाच्या सत्यनिष्ठेची म्हणून सांगतो. मला आता ती गौतमांची वाटू लागली आहे. प्रश्न त्यांनीच विचारला होता. रिकामा रकाना पाहून त्यांनीच तो बाजूला ठेवला. माझ्यापुढे तोच रकाना आला, आणि मी बोट ठेवून तो दाखविला.

महाभारतातील दुष्यंत याहून स्पष्ट आहे. तेथे अंगठी नाही, शापही नाही. शकुंतला मुलाला घेऊन येते. राजा तिला ओळखतो, आणि तरीही नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो कबूल करतो की मला ठाऊक होतेच, परंतु केवळ हिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. कालिदासाने शाप घालून त्याला दोषातून सोडविले. व्यासांनी सोडविले नाही. अनोळखी माणसाने पुरावा मागणे हा त्याचा हक्क आहे. पण जो ओळखतो त्यानेच पुरावा मागावा, याला सावधगिरी म्हणता येत नाही. ते असत्य आहे. आणि असत्य बोलण्यासाठी तोंड उघडावे लागतेच असे नाही.

कर्नाटकात देवदासी सोडण्यास १९८२ च्या कायद्याने बंदी झाली. पासपोर्टच्या अर्जात आईबापांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालेल असा नियम डिसेंबर २०१६ मध्ये झाला. याच बदलात साधुसंन्याशांना जन्मदात्यांऐवजी गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली, मात्र दुसऱ्या एखाद्या सरकारी कागदावर तसे नाव असले पाहिजे. ज्याने विरजा होम करून, स्वतःचे श्राद्ध स्वतः घालून पूर्वाश्रम टाकला, त्याला बापाचे नाव विचारणे म्हणजे त्याचा आश्रमच खोटा ठरविणे होते. सरकारने ते जाणले. महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचे नाव येते. जबालेचा सत्यकाम असे लिहिण्याची सोय आता दप्तरात झाली आहे. माझ्या विद्यार्थ्याला ती पस्तीस-चाळीस वर्षे उशिरा लाभली, आणि त्या वेळी तिची गरजही नव्हती. माझ्या चार ओळी पुरल्या असत्या.

आपल्या देवस्थानांकडे पाहिले तर तेथेही दोन रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आमचे कुलदैवत गोव्यात. पूर्वजांनी घाट चढून बेळगावाकडे केव्हा प्रयाण केले याचा कागद नाही. खुद्द श्रीमंगेशालाही १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास पत्ता बदलावा लागला, तेथे आमची काय कथा! पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली देवळांच्या महाजनकीचे नियम केले. त्यानुसार महाजनांची यादी ठेवली जाते आणि वंशाचा पुरावा दिल्यावाचून तीत नाव चढत नाही. तेथे मानाचा आणि मालमत्तेच्या कारभाराचा प्रश्न असतो, म्हणून पुरावा मागणे समजण्यासारखे आहे. पण त्याच देवळात संकल्प सोडताना भटजी गोत्र विचारतात आणि आपण सांगू ते उच्चारतात. कागद मागत नाहीत. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप सांगावयाचे, ही तर जुनीच चाल. आणि बाहेर आलो की अग्रशाळेच्या ओसरीवर बसलेली एखादी आजी ‘तूं कोणालो पूत?’ असे विचारते. तिला नावाशी कर्तव्य नसते. तू कोणाचा, एवढेच हवे असते. माझ्या आजोबांचे घरगुती नाव सांगताच तिने मला आमच्या घरातील एका लग्नाची अशी हकीकत ऐकविली की, जी आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. दाखल्यासाठी तिला पोलीस ठाण्यावर नेता आले असते तर माझा श्रावण वाचला असता. अर्थात तिच्या प्रश्नालाही काटा आहे. सत्यकाम त्या ओसरीवर आला असता तर तिने त्याला काय विचारले असते?

तर पोलीस आला, त्याकडे परत येतो. तरुण, विजापूरकडचा, कानडी बोलणारा. पण मराठी समजत होते. चहा घेणार नाही म्हणाला. कागद पाहून झाल्यावर म्हणाला, ‘मास्तर, नावं सगळी वेगवेगळी दिसतात ओ. आधार तरी बरोबर करून घ्यायचं होतं.’ ज्या आधारची २०१० साली नंदुरबारच्या टेंभली गावातून सुरुवात झाली, त्याविषयी २०१६ च्या कायद्यातच म्हटले आहे की तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता, आणि त्याचा स्वर दुखावणाराही नव्हता. त्याला दोन शेजाऱ्यांचे जबाब हवे होते.

पलीकडच्या घरातील अण्णांना बोलाविले. ते लिंगायत, घरी कानडी बोलणारे. तीस वर्षे आमची भिंत एक आहे. त्यांच्या पत्नीच्या आजारपणात रात्री गाडी मी आणली होती, आणि माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाचा हिशेब त्यांनी ठेवला होता. पोलिसाने अर्जावरचे माझे पूर्ण नाव वाचून विचारले, यांना ओळखता का? अण्णा गोंधळले. माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘हे कोण?’ तीस वर्षे ते मला मास्तर म्हणत आले. माझे नाव त्यांना ठाऊकच नव्हते. मीही मनात आठवू लागलो, आणि मला त्यांचे आडनाव तेवढे आठवले. पोलीस हसला. मग अण्णांनी त्याला कानडीत दहा मिनिटे सांगितले: मी किती वाजता फिरावयास जातो, कोणाला फुकट शिकवितो, कोणाशी भांडलो आणि का, कोणाकडून उसने घेतले आणि केव्हा फेडले. त्याने ते काहीच लिहून घेतले नाही. फॉर्मवर त्याला जागा नव्हती. जेथे जागा होती तेथे अण्णांनी सही केली, आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. ते मी प्रथमच वाचले.

दाखला आला. परवा अण्णांच्या वरच्या मजल्यावर बिहारकडील दोन तरुण भाड्याने राहावयास आले. उद्यमबागेत कारखान्यात काम करतात. भाडेकरूंची नोंद ठाण्यावर द्यावी लागते. शिवाय त्यांतील एकाला मालकाने पोलिसांचा दाखला आणावयास सांगितले आहे, आणि ओळखीचा म्हणून इथल्या कोणाची तरी सही त्याला हवी आहे. अण्णा त्याला घेऊन माझ्याकडे आले. त्याला येथे येऊन तीन आठवडे झाले. मी त्याला जिन्यात दोनदा पाहिला आहे. न ओळखता ओळखतो म्हणून सही करणे बरोबर नाही, आणि ‘कागद आण, मग बघू’ हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणे शक्य नव्हते. रविवारी दोघांनाही जेवावयास बोलाविले आहे. फॉर्म माझ्या टेबलावर आहे.